घाटातला पंखा

इंजिन तापतं म्हणून कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, तरी पंखा बदलून मिळायला हर्षदाला वर्ष लागलं. आज मात्र घाट चढून लोणावळ्यात आली तरी तापमानाचा काटा निम्म्यावरच होता. भाजे गावी नातवाचं बारसं वेळेत गाठणार, म्हणून आई खुशीत पाळणा गुणगुणत होती.

चिक्की घ्यायला थांबल्या, तेवढ्यात सर्व्हिस सेंटरचा फोन आला.

"मॅडम, चूक झाली. जुना पंखा काढला, पण नवा इथंच राहिला. गाडी बाहेर काढू नका."

हर्षदानं बॉनेट उघडलं. पंख्याची जागा रिकामी होती. घरघर मात्र तिथूनच येत होती.

आई वाकून हसली. तिचा पदर फडफडत होता.

"बंद नको करू गं, लय गार वारा येतोय!"

किल्ली हर्षदाच्या मुठीत होती.