कमरेचा बेल्ट

सोमारीनं आपला सेफ्टी बेल्ट रांगत्या लेकीच्या कमरेला बांधला होता आणि त्याचा हूक खालच्या खांबाला. ती स्वतः तशीच, पाण्याच्या टाकीच्या उंच परांचीवर उभी राहून सिमेंटची घमेली वर देत होती.

गडचिरोलीहून आलेले नवे सेफ्टी साहेब चिडले. "बाई, बेल्ट तुमच्यासाठी आहे!"

"साहेब, पोरगी खड्ड्याकडे जाते न. पानी भरून हाय त्याच्यात."

"तिच्याकडे कोणीतरी बघेल. आधी बेल्ट घाला, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

सोमारी खाली उतरली. पोरीला सोडून तिनं बेल्ट आपल्या कमरेला आवळला. साहेब तिच्यामागून स्वतः वर चढले, त्यांनी हूक पाइपाला अडकवला आणि दोनदा ओढून पाहिला.

थोड्या वेळानं सोमारीचं खाली लक्ष गेलं. पोरगी खड्ड्याच्या काठावर पोचली होती. हातातलं घमेलं टाकून सोमारी धावली, तशी बेल्टनं तिला हिसका देऊन जागीच धरलं.

परांचीवरच खड्ड्याकडे पाठ करून उभे असलेले साहेब खूश झाले.

"बघा! बेल्ट नसता तर आज गेला असता ना जीव?"