नादकाटा

आपली शिकवण्याची ओढ आटली, असा निष्कर्ष काढून भौतिकशास्त्राच्या रणवरे सरांनी उद्या राजीनामा देण्याचे ठरवले होते. बारामतीच्या महाविद्यालयात शेवटची पडताळणी म्हणून त्यांनी नादकाटा रबरावर आपटल्याचा नुसता आविर्भाव करून तो उंच धरला. "ज्यांना आवाज ऐकू येतोय, त्यांनी हात वर करा." भराभर हात वर गेले. सरांना वाईटही वाटले नाही. इतक्या वर्षांत आपण फक्त होकार शिकवला, एवढेच सिद्ध झाले. तेवढ्यात डाळजची फरहीन उठली. "सर, मला न्हाय आलं ऐकू." "कानात उसाचं पाचट गेलंय व्हय गं?" मागून कुणीतरी ओरडले, वर्ग हसला. ती ओशाळली, पण बसली नाही. "काटा वाजलाच न्हाय, सर." सरांना तरीही काही जाणवले नाही. "पुढचा तास सोमवारी," ते म्हणाले. न आपटलेला काटा हातात थरथरत होता.