गुरुवारची कणीक

गळाला लागलेला मासा अलगद सोडवून कमलाकांत गुरुजींनी मान वर केली, तर तलावाच्या बांधावर गाडी थांबवून खुशालराव उभे. यांच्या घरचा सत्यनारायण वर्षानुवर्षं गुरुजीच सांगत आलेले.

“गुरुजी, तुमी? अन् मासोळ्या?”

“मीच,” म्हणत गुरुजींनी मासा पाण्यात सोडला. खुशालराव गाडी वळवून निघून गेले.

शेजारी गळ टाकून बसलेला शालिकराम भाजीवाला हळहळला. “झालं! आता साऱ्या परतवाड्यात बोंब होते पाहा.”

“होऊ दे.”

म्हणायला म्हणाले, पण लगेच गळ गुंडाळून घरी निघाले. गावाला ते भीत नव्हते. भीत होते बायकोला, अनुपमाबाईंना. मासळीबाजारावरून नुसतं चालत आलं तरी आंघोळीशिवाय उंबऱ्यात पाऊल ठेवू न देणारी बाई ती!

खरं तर सुरुवात तिच्याच कणकेने झाली होती. शाळेतली नोकरी संपून नुसती भिक्षुकी उरल्यावर गुरुजी घरात नुसते फणफणत असत. वरण अळणी, मुलगा बिनकामाचा, शेजारी उद्धट. वैतागून अनुपमाबाईंनी दर गुरुवारी गाईसाठी कणकेचा गोळा हातात देऊन त्यांना घराबाहेर काढायला सुरुवात केली. एका गुरुवारी गाय काही सापडेना. गुरुजी तलावावर येऊन बसले आणि रागारागाने कणीक तोडून पाण्यात भिरकावू लागले. मासे वर आले. शालिकरामने आपल्याजवळचा जादा गळ पुढे केला.

त्या दिवशी गुरुजी घरी आले ते चक्क गुणगुणत. रात्री झोपही गाढ लागली. तेव्हापासून गाईचा गोळा तलावात जाऊ लागला. गळ शालिकरामच्या हातगाडीखाली राहायचा, आणि घरी निघताना गुरुजी हात लिंबाने चोळायचे.

“गुरुजी, मासा तुमच्याच गळाले कावून लागते?” शालिकराम नेहमी विचारायचा. “पिठात काय टाकता?”

“अरे, साधी गाईची कणीक. हातगुण म्हणतात तो हा!”

घरात आता त्यांची एकच कुरकुर उरली होती. “परवाच हिंग आणला होता ना? जातो कुठे? वरणाला तर वासही नसतो.”

“संपला म्हणजे संपला. येताना आणा,” अनुपमाबाई म्हणायच्या.

खुशालरावांनी पाहिलेलं घरी पोचायला पुढचा गुरुवार उजाडला. मुलगा यशोधन वकील. कोर्टात जायला निघालेला, तो दारातच अडला.

“बाबा, तुम्ही मासे धरता? बाररूममध्ये लोक मला हसताहेत!”

“धरतो. आणि सोडून देतो. आजवर एकही मारला नाही.”

“खुशालराव दुसरा भटजी बघणार आहेत.”

“बघू दे की! सगळे यजमान जाऊ देत. जन्मभर लोकांच्या घरी शांती केल्या मी. माझी शांती मला त्या पाण्याकाठी मिळाली, ती मी सोडणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, आणि...” स्वयंपाकघराकडे नजर जाताच त्यांचा आवाज बसला. तरी त्यांनी रेटलं. “आणि तुझ्या आईने सांगितलं तरी नाही! काढा मला घराबाहेर.”

“आई, ऐकलंस?” यशोधन ओरडला. “तू इतक्या भक्तीने गाईसाठी कणीक मळतेस, आणि हे ती माशांना घालतात!”

अनुपमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. गुरुजींनी मान खाली घातली नाही. आता ही काय म्हणेल ते म्हणो.

बाईंनी पानात बांधलेला कणकेचा गोळा दर गुरुवारसारखा त्यांच्या हातात ठेवला.

“गेल्या गुरुवारी लवकर परत आलात, म्हटलं हिंग कमी पडला की काय,” त्या म्हणाल्या. “मासळीबाजारातल्या आपल्या गोदाबाईला विचारलं, ती म्हणाली, दुप्पट घाला.”