बडोदेकरीण

बडोद्याच्या वाडीतले धनाजीराव मत देत गुजरातेत, पण जीव अडकलेला महाराष्ट्राच्या राजकारणात. सकाळी चहाबरोबर मराठी वृत्तपत्राचा राजकारणाचा ब्लॉग वाचायचा आणि खाली सरकारच्या बाजूनं ठणकावून कमेंट टाकायची, हा त्यांचा नेम. की लगेच 'बडोदेकरीण' नावाची कुणी बाई त्यांच्यावर तुटून पडे. ब्लॉगचे वाचकही या भांडणाची वाटच बघत.

"काका, रोज धुऊन काढते ही बाई तुम्हाला. ब्लॉक करून टाका ने!" शेजारचा रणवीर ओट्यावर म्हणाला.

"छे रे! तिच्याशी भांडल्याशिवाय मला चहा जात नाही."

घरात येऊन त्यांनी बायकोच्या, येसूबाईंच्या फोटोचा हार सारखा केला, तिचा फोन चार्जिंगवरून काढला आणि आपल्याच कमेंटखाली लिहिलं, "अहो, तुम्हाला राजकारणातलं काडीचंही कळत नाही."