अठ्ठेचाळीस पेटंटं

बकरी गाभण आहे का ते सांगणारा पट्टा. रक्ताच्या कर्करोगाची चाचणी. चंद्रावरच्या मातीच्या विटा. साडीला आपोआप फॉल लावणारं यंत्र. वय छत्तीस आणि पेटंटं अठ्ठेचाळीस! राजलक्ष्मीबाईंनी यादीवरून नजर उचलली. ग्वाल्हेरच्या त्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोफेसर निवडायला त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं आणि समोर हे ध्यान बसलं होतं. डॉ. विहंग.

"यातलं तुम्ही स्वतः काय बनवलंत?"

"मॅडम, बनाना थोड़ी पड़ता है! फाईल करायचं असतं. ग्रुपवर विषय येतो, सहा जण मिळून नावं टाकतो."

मेल्याला लाजही नाही, बाई मनात म्हणाल्या. बाहेर बाकावर दुसरा उमेदवार बसला होता, श्रीपाद. त्याचं पेटंट एकच, नऊ वर्षं खपून केलेलं: गढूळ पाणी आलं की बंद होणारी तोटी. शहरातल्याच हजीरा भागातल्या दोन गल्ल्यांत ती चालताना बाईंनी स्वतः पाहिली होती. पुढच्या वर्षी या नोकरीसाठी त्याचं वय उलटणार होतं. तिघांच्या समितीत प्राचार्य विहंगच्या बाजूचे, दुसरे सभासद श्रीपादच्या. निकाल बाईंच्या मतावर होता.

"बरं, या पट्ट्याला कसं कळतं बकरी गाभण आहे ते?"

विहंगनं छताकडे पाहिलं. "सेन्सरनं."

"कुठल्या?"

"ते तुम्हीच सांगा ना, मॅडम." त्यानं आदबीनं हात जोडले. "त्यात तुमचंही नाव आहे. मागच्या वर्षी सेमिनारच्या कागदांबरोबर सही घेतली होती. लग्नपत्रिकेत मोठ्यांचं नाव घालतो ना, तसं."

बाईंनी पान उलटलं. संशोधक क्रमांक पाच, राजलक्ष्मी. चहाच्या गडबडीत गठ्ठाभर कागदांवर ठोकलेल्या सह्या त्यांना आठवल्या. एकही कागद वाचला नव्हता. विहंगची किळस येत होतीच, आता स्वतःचीही आली.

प्राचार्य खाकरले. "मग मॅडम, उमेदवाराच्या सहसंशोधकाला समितीत बसता येत नाही. आपल्याला उठावं लागेल. मतं बरोबरीत आली तर माझं मत धरायचं, नियमच आहे."

विहंगनं धावत जाऊन दार उघडून धरलं. बाई त्याच्याकडे न बघता बाहेर पडल्या.

बाकावरून श्रीपाद लगबगीनं उठला. "नमस्कार मॅडम. आत तुम्ही आहात हे कळलं आणि मी अगदी निर्धास्त झालो बघा."