तिसरा 'घे'

"पुरे," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि सुनेनं भाकरीचं टोपलं झाकलं.

अर्धी भाकर पोटात गेली होती. वाटीत चवळीचा रस्सा उरला होता, तो पुसून घ्यायला ताटात भाकर उरली नव्हती. भागीरथाबाई टोपल्यावरच्या फडक्याकडे पाहत राहिल्या. माया कौतुकानं हसली. "शाबास आत्याबाई! मन असं आवरता आलं पायजे."

मन कुठं आवरलं होतं? पुरे म्हणजे पुरे, असा अर्थ त्यांच्या जन्मात कधीच नव्हता. पुरे म्हणजे, मी नाही म्हणते, आता तू पुन्हा म्हण.

ही रीत त्यांच्या मायची. चांदूर बाजारकडच्या खेड्यात माय दारोदार भाकर मागायची. आतून कोणीतरी यायचं आणि शिवाशीव नको म्हणून वरूनच टाकायचं, तिच्या पसरलेल्या पदरात. छप्पन साली माय नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि तो पदर तिनं कमरेला जो खोचला, तो पुन्हा पसरला नाही. "आता भाकर मांगाची नाही पोरी. कोनापाशीच नाही. कोनी आपल्या मनानं देल्ली तरी तीनदा म्हनू दे. मंगच हात पुढं करजो." जात्यावर बसली की ती गायची,

पयला 'घे' तो रीतीचा, दुसरा 'घे' तो नात्याचा
तिसरा 'घे' तो मायेचा, घास गोड भाकरीचा

लग्नानंतर ही ओवी नवऱ्याला, बुधाजीलाही पाठ झाली. ताटावर बसलं की तो डोळा बारीक करायचा. "घे वं सुगतची माय." नको. "घे ना वं." पुरे. "आता घेतं का मीच भरवू, लोकायसमोर?" मग ती पदराआड हसत भाकर घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात बुधाजी गेला. सुगतनं घराला कुलूप लावलं आणि मायला आपल्याकडे अमरावतीला आणलं.

आधी आधी माया भरपूर आग्रह करायची. मग त्यांच्या नगरातल्या बुद्धविहारात म्हाताऱ्यांसाठी आरोग्याचा वर्ग सुरू झाला. दर रविवारी हात फिरवायचे, टाळ्या वाजवायच्या, लांब श्वास घ्यायचा, वजनकाट्यावर उभं राहायचं. वर्ग सुटला की गीतांजली मॅडम घरच्या माणसांना थांबवून घ्यायच्या. "आग्रह करून करून आपण आपल्या माणसांना आजारी पाडतो," त्या एकदा म्हणाल्या. "त्यांनी नको म्हटलं की थांबा. त्यांच्या शब्दाचा मान ठेवा." मायाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या आईचा पाय साखरेनं गेला होता, आणि पायापाठोपाठ आई.

त्या दिवसापासून एका शब्दावर टोपलं झाकलं जाऊ लागलं. भागीरथाबाईंच्या शब्दाला उभ्या जन्मात इतका मान कोणी दिला नव्हता.

बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. चोळी खांद्यावरून उतरू लागली. वर्गात शेजारी बसणाऱ्या पार्वताबाईनं कोपरानं ढोसलं. "काहून वं भागीरथे, पुन्हा नवरी व्हाचं हाय का? कंबर तं पाह्य कशी झाली!"

"भूक लागते वं," भागीरथाबाई हळूच म्हणाल्या.

"मंग मांग ना सुनेले. सून काय वाघ हाय?"

"मांगू?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "भाकर? मांगू?"

पार्वताबाई त्याच पिढीची, तशाच मायच्या पोटची. तिचे टाळ्या वाजवणारे हात तिथंच थांबले.

पावसाळा संपता संपता वर्गाचा समारोप झाला. विहारात खुर्च्या मांडल्या होत्या. गीतांजली मॅडमनी नाव पुकारलं. सगळ्यांत जास्त वजन उतरवणाऱ्या आपल्या भागीरथा आजी! टाळ्यांचा पाऊस पडला. पार्वताबाई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. खांद्यावर शाल आली. शाल जड लागली.

मग मॅडमनी राजगिऱ्याच्या लाडवांचं ताट पुढं केलं. गुळाचा वास आला आणि भागीरथाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. "घ्या आजी, आज तुम्हाला सूट!"

"नको बाई."

नगराचे जुने कार्यकर्ते किसनराव शेजारी उभे होते. "घ्या हो माय. तुमचाच दिवस हाय."

"नाही जी. पुरे."

आता फक्त एकदा. त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेतून माया उठली होती. भरल्या डोळ्यांनी, मोबाइल हातात घेऊन, ती त्यांच्याचकडे येत होती. तिचे ओठ हलले. भागीरथाबाईंचा जीव त्या ओठांवर जाऊन बसला.

"पाहा, घरीबी अशीच हाय माझी सासू," माया सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज अभिमानानं कापत होता. "मले दुसऱ्यांदा म्हनावं लागत नाही."

पुन्हा टाळ्या झाल्या. ताट मागे सरकू लागलं. कमरेचा पदर सुटावा तसं भागीरथाबाईंच्या आत काहीतरी सुटलं, आणि तिसऱ्या 'घे'ची वाट न पाहता, भरल्या विहारात, त्यांनी हात पुढं केला.

गीतांजली मॅडमनी हसून त्या हातात प्रशस्तिपत्र ठेवलं.