गाणं संपेपर्यंत

सकाळी स्टुडिओत आले, तर फोनवरचा तिसऱ्या लाइनचा दिवा पेटलेलाच होता.

काल माझ्या रेडिओ कार्यक्रमात त्याच लाइनवर एका मावशींचा फोन आला होता. रुसून घर सोडून गेलेल्या मुलाशी त्यांना रेडिओवरून दोन शब्द बोलायचे होते. "मावशी, फोन ठेवू नका. एवढं गाणं संपलं की तुमच्याशीच बोलते," मी म्हटलं होतं. पण गाण्यानंतर बातम्या लागल्या आणि मावशी राहूनच गेल्या. आमच्या कामात असं होतं.

"लाइन अडकली असेल," आमचे तंत्रज्ञ म्हणाले. बिघडलेली यंत्रं बरी करतात म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. त्यांनी फोनची वायर भिंतीतून उपटून काढली. दिवा विझला नाही. डॉक्टर माझ्याकडे बघेचनात.

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे रेडिओवर कालचंच गाणं चालू होतं.

"गाणं संपलं की ताई बोलणार आहेत," मावशी घरात कुणाला तरी सांगत होत्या. "शब्द दिलाय त्यांनी."

"मावशी, मीच बोलतेय!" मी ओरडले. "बोला ना, मी ऐकतेय!"

त्यांना काहीच ऐकू जात नव्हतं. त्या आपल्या गाण्याबरोबर गुणगुणत होत्या.

गाणं संपलं. मावशींनी घसा खाकरला. "हं ताई, बोलू का आता?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या रेडिओतून माझाच आवाज आला, गोड, हसरा.

"बोलायचंच आहे मावशी, पण आधी आणखी एक गाणं ऐकू या. फोन मात्र ठेवू नका हं."